वातावरणकार

भर उन्हाळ्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, कडुलिंबाखाली हात उंच करून मोबाईल धरलेला माणूस दिसला तर परगावच्याला वाटतं, बिचारा रेंज शोधतोय. वालूरच्या माणसाला ठाऊक असतं की हा ऊन रेकॉर्ड करायलाय.

“उन्हाचा आवाज असतोय का रे?” असं विचारलं की तो आपल्याकडे कणवेने बघतो. “उन्हाचाच असतोय सर. सावलीला कुठला आलाय आवाज?” एवढं म्हणून ओठांवर बोट ठेवतो. आपला प्रश्न एव्हाना त्या उन्हात रेकॉर्ड झालेला असतो आणि त्याची दुपार वाया गेलेली असते.

त्याचं नाव सांगत नाही. तो रागावेल हे एक. शिवाय नाव सांगितलं की वाचकाला वाटेल, असा हा एकच. तसं नाही. हल्ली तालुक्याला एक तरी निघतो. पूर्वी ही जागा कवीकडे असायची, मग ती शॉर्टफिल्मवाल्याकडे गेली, सध्या तिथं व्हिडिओ गेम करणारा बसलाय. गाव त्याला ‘गेमवाला’ म्हणतं. तो स्वतःला काहीच म्हणवत नाही, पण त्याच्या तोंडी सारखा एकच शब्द येतो. गेममध्ये काय आहे? वातावरण. काय बाकी आहे? वातावरण. जेवायला का आला नाहीस? वातावरण जमायलं होतं. जिल्ह्यात कृषी विद्यापीठ असल्यामुळे आमच्याकडे वातावरण म्हटलं की पावसाचा अंदाजच आठवतो. दोन-चार म्हाताऱ्यांनी सोयाबीन पेरावं का थांबावं, हेही त्याला विचारून घेतलंय. त्याने थांबा म्हणून सांगितलं. तो सगळ्यांना थांबाच म्हणतो.

पुण्याला शिकला, पुण्यालाच एका कंपनीत चिकटला. तिथं मोबाईलवरचे पत्त्यांचे गेम व्हायचे आणि याच्याकडे काम होतं पत्ता पडल्यावर नाणी खळखळल्याचा आवाज जुळवायचं. कोरोनात लॅपटॉप घेऊन घरी आला, तो परत गेलाच नाही. घरच्यांना आधी वाटलं कामावरून काढलं. मग कळलं की त्याने स्वतःच सोडलं, तेव्हा जास्त वाईट वाटलं.

आता थोडं बारवेबद्दल, कारण तिच्यावाचून हा माणूस समजणार नाही. वालूर हे परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं जुनं गाव. इथल्या एका बारवेची चर्चा अलीकडे दूरवर गेली. ती गोल आहे, आणि तिच्या पायऱ्या सरळ खाली जात नाहीत. भिंतीला धरून गरगर फिरत उतरतात. कित्येक वर्षं ती गाळाने आणि गावाच्या कचऱ्याने बुजलेली होती. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यभर बारवा धुंडाळायला सुरुवात केली, तसं आमच्याही गावाला आपल्या पायाखाली काय आहे ते आठवलं. गावकऱ्यांनी गाळ उपसला, बारव मोकळी झाली. बारव मोहिमेने महाशिवरात्रीला बारवांमधून दिवे लावायची रीत पाडली आहे. आता शहरातून माणसं येतात, वर ड्रोन उडवतात, “अमेझिंग” म्हणतात आणि पाण्याची रिकामी बाटली तिथंच ठेवून जातात.

बारव मोकळी झाल्यावर सगळं गाव बघायला गेलं तसा हाही गेला. इतरांनी नमस्कार केला, फोटो काढले. हा खालपर्यंत उतरला, वर आला, पुन्हा उतरला, आणि वर येऊन मला म्हणाला, “सर, हे लेव्हल डिझाईन आहे.”

मी जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. मला वाटलं उन्हाची बाधा झाली. पण त्याने जे समजावून सांगितलं ते मला अजून पटतं. सरळ पायऱ्यांच्या विहिरीत तोंडाशी उभं राहिलं की पाणी दिसतं. मग उतरायचं ते फक्त पाण्यासाठी. या बारवेत पुढचं वळण दिसत नाही. प्रत्येक फेऱ्याला थोडं दाखवायचं, थोडं राखून ठेवायचं, उजेड कमी करत न्यायचा, गारवा वाढवत न्यायचा. माणूस आपल्या पायाने खेचला जातो. “ज्यानं ही बांधली तो गेम डिझायनर होता,” तो म्हणाला. शिल्पशास्त्रात वाटा मोजून वापींना, म्हणजे बारवांना, नावं दिली आहेत: एक वाट असली तर नंदा, दोन असल्या तर भद्रा, तीन जया, चार विजया. हे मी त्याला सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या गेमच्या सुरुवातीच्या पानावर ‘सुरू करा’, ‘पुढे चला’, ‘आवाज’ आणि ‘बाहेर पडा’ या चार बटणांची नावं नंदा, भद्रा, जया, विजया झाली. बाहेर पडायचं बटण कोणतं, हे त्याच्याशिवाय कुणालाच सापडत नाही.

गेम असा. 1972 चा दुष्काळ. एक बाई डोक्यावर घागर घेऊन बारवेत उतरते. प्रत्येक फेऱ्याला काळ मागे जातो: बाहत्तरनंतर 1948, म्हणजे निजामी राजवट संपली ते साल, त्याच्या खाली आणखी जुनं, आणि तळाला ज्यांनी बारव बांधली त्यांचा, यादवांचा काळ. बाई पाणी भरते आणि वर निघते. सावकाश चाललं तर पाणी सांडत नाही. घाई केली की सांडतं, आणि सांडलं की ती गोष्टीतलं काहीतरी विसरते. शत्रू नाही, बंदूक नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. मला विचाराल तर कल्पना अव्वल आहे. घागरीतलं पाणी आणि आठवण यांची अशी सांगड घालायला डोकं लागतं. फक्त अडचण अशी की तो ही कल्पना इतकी सुंदर सांगतो की सांगून झाल्यावर गेम करायची गरज उरत नाही. गावातल्या निम्म्या लोकांना तो झालाय असंच वाटतं.

चुलत्याने सरपंचांना बातमी दिली, “पोरगं कॉम्प्युटरवर विहीर खांदायलंय.” सरपंचांचा चेहरा उतरला. चोरीला गेलेल्या विहिरीचा सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला आहे. कागदावरच्या विहिरींनी आधीच इतका ताप दिलाय, त्यात आता कॉम्प्युटरवरची आली म्हटल्यावर माणूस घाबरणारच. “फाईल कुणाच्या नावानं हाय?” एवढंच त्यांनी विचारलं.

त्याचे वडील, आबा, कापूस-तुरीचे शेतकरी. गावात ऑनलाईन गेम म्हणजे काय, हे त्यांना चांगलं माहीत होतं. ऑनलाईन गेम म्हणजे कुणाच्या तरी पोराने मोबाईलवर रमी खेळून बैलाचे पैसे घालवले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा केला, त्या दिवशी आबा पेपर घेऊन लगबगीने घरी आले आणि तो त्याच्या लॅपटॉपवर अंथरला. “बंदी आली. आता काय करतूस?”

“आबा, ती पैशाच्या गेमवर आली. माझ्या गेममधून पैसे येतच नाहीत.”

आबांनी पेपर घडी करून काखेत घातला. त्यांना वाईट वाटलं ते कशाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

वडिलांना धीर यावा म्हणून तो थोरामोठ्यांची उदाहरणं देतो, आणि दर वेळी पस्तावतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ नावाचा गेम केला. आपल्या पुराणकथा, राजस्थानी किल्ले, बाहुल्यांची सावली असं सगळं त्यात. 2020 साली तो निन्टेन्डोच्या यंत्रावर जगभर निघाला आणि त्या वर्षीच्या नव्या चमूंच्या आंतरराष्ट्रीय नामांकनांत जाऊन बसला. हे ऐकून आबांची मान डोलायला लागली होती. तिथंच याने थांबायला हवं होतं. पण भरात येऊन तो म्हणाला, “2017 ला लोकवर्गणी मागितली तवा जमली नाही आबा. मग त्यांच्यातल्या एकीनं सोताचा फ्लॅट इकला, अन् गेम पुरा केला!”

त्याच रात्री आबांनी सातबारा, आठ-अ आणि बँकेचं पासबुक पत्र्याच्या पेटीतून काढून बहिणीकडे जिंतूरला पोचवलं.

आईला सांगितलेलं उदाहरण तर आणखी अंगावर आलं. अमेरिकेत एरिक बॅरोन नावाच्या पोराने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम साडेचार वर्षं एकट्याने केला. चित्रं, संगीत, गोष्ट सगळं त्याचंच. 2016 ला निघाला आणि लाखांनी खपला.

“साडेचार वर्षं?” आई म्हणाली. “पोटाला काय खात व्हता?”

“थेटरात थोडंफार काम करायचा. बाकी मग… त्याची मैत्रीण कमवायची.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आईने शांतपणे विचारलं, “शेतीचाच गेम करायचा व्हता तर रानात कामून गेला नाही तो?” या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही गेम डिझायनरकडे उत्तर नसावं.

सोयरिकीही येतात. पाहुणे ओसरीवर बसतात, चहा होतो, “मुलगा काय करतो?” असा प्रश्न येतो आणि घरातल्या तिघांकडून एकदम तीन उत्तरं येतात. आई म्हणते कॉम्प्युटर, आबा म्हणतात शेती, आणि तो म्हणतो, “वातावरण.” एका पाहुण्याला ते हवामान खातं वाटलं आणि बोलणं केंद्र सरकारची नोकरी समजून बरंच पुढं गेलं. पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

कामाच्या बाबतीत मात्र तो आळशी नाही, हे न्यायासाठी सांगितलं पाहिजे. रात्रभर जागतो. तो ज्या इंजिनावर गेम करतो ते फुकट मिळतं आणि त्याचं नाव गोदो. होय, बेकेटच्या नाटकातलाच गोदो, ज्याची वाट बघता बघता नाटक संपतं. इंजिन बनवणाऱ्या अर्जेंटिनाच्या दोघांनी ते नाव जाणूनबुजून ठेवलं, कारण त्यात काहीतरी घालायचं राहिलेलं असतंच. गिऱ्हाइकाशी इतकं खरं बोलणारा दुकानदार मी पाहिलेला नाही. आमच्या गेमवाल्याचा आणि त्या इंजिनाचा स्वभाव पहिल्या दिवसापासून जुळला.

भांडण झालं ते मराठीवरून. सुरुवातीला त्याच्याकडे जुनी आवृत्ती होती. पहिलं वाक्य टाकलं, ‘विहिरीत उतर’, आणि मला बोलवून घेतलं. पडद्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या उजव्या अंगाला जाऊन बसली होती, आणि पुढच्या वाक्यातली जोडाक्षरं फुटून प्रत्येकाचा पाय मोडलेला. पहिली का दुसरी, एवढ्यावरच जन्मभर वह्या तपासल्या. चुकीच्या बाजूला बसलेली पहिली वेलांटी मी प्रथमच पाहत होतो. लॅटिन अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम भागतं. देवनागरीत अक्षरांनी एकमेकांना जागा करून द्यावी लागते, आणि ते त्या आवृत्तीला शिकवलेलंच नव्हतं. मार्च 2023 मध्ये चौथी आवृत्ती आली, तिला ते येत होतं. मधल्या काळात त्याने काय केलं? शब्दच काढून टाकले. “शब्दाशिवाय जास्त वातावरण येतंय सर,” म्हणाला. वेलांटी जमेना म्हणून मौनाचं तत्त्वज्ञान जन्माला आलं, हे गेमच्या समीक्षकांना कधी कळणार नाही.

मग उजेडाचं प्रकरण. गेममध्ये भिंतीवर पडणारा उजेड आधीच हिशेब करून पक्का करून ठेवतात, त्याला ही मंडळी ‘बेक करणं’ म्हणतात. त्याच्या लॅपटॉपला त्यासाठी तासन् तास लागतात. बारवेच्या तळाशी कोनाड्यात पडणारी सकाळची तिरीप त्याने बेक करायला लावली की नेमकी गावची लाईट जाते. बॅटरी कधीच मेलेली. “काय झालं रे?” “लाईट बेक व्हता व्हता लाईट गेली.” आई आतून ओरडते, “भाजायचंच असंल तर चुलीवर भाज की.” मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाला टेकतो तेव्हा लॅपटॉप आपणहून बंद पडतो. घरात एकच कूलर, तो आबांच्या खोलीत. म्हणून गेमचा मोठा भाग आबांच्या उशाशी बसून झालेला आहे. बारवेतल्या पाण्याचा म्हणून जो गंभीर आवाज ऐकू येतो, त्यात कान दिला तर मागे कूलर आहे आणि त्याच्याही मागे आबांचं घोरणं. आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने हेडफोन लावून ऐकलं आणि “काळाचा श्वास वाटतो” असं सांगितलं. त्या दिवसापासून आबांना दुपारी उठवायची बंदी आहे.

त्याने मलाही तयार केलं. ‘डिअर एस्थर’ नावाचा एक नावाजलेला गेम आहे, 2012 चा. त्यात स्कॉटलंडकडच्या एका निर्जन बेटावर नुसतं चालायचं आणि कुणाची तरी पत्रं ऐकायची. मी चाललो. गुडघे दुखले नाहीत एवढाच फरक जाणवला. ‘लिंबो’ दाखवला. तो डेन्मार्कचा, 2010 चा. काळंपांढरं रान, धुकं आणि त्यात एकटा पोरगा. तो मात्र मला आवडला; त्या पोराची काळजी वाटत राहते. आणि त्याच दिवशी मला आमच्या गेमवाल्याच्या बारवेत एवढं धुकं कुठून आलं याचा पत्ता लागला. आबांनी ते आधीच हेरलं होतं. पडद्याकडे बघून म्हणाले होते, “एवढं धुकं कामून सोडलंस? तुरीचा फुलोरा गळंल.”

गेम परक्या माणसाला खेळायला देऊन तो काय करतो हे गप्प बसून बघायचं, असा या धंद्यातला नियम आहे. त्याने सातवी-आठवीची पोरं गोळा केली. मी साक्षीदार होतो.

“काका, बंदूक कुठंय?”

“नाही.”

“दुश्मन?”

“नाही.”

“मंग मरतोय कवा?”

“मरत नाही.”

“मंग खेळायचं कशाला?”

एकाने बाईला जागेवर उड्या मारायला लावल्या आणि तेच करत बसला. दुसऱ्याने तिला कडेवरून खाली ढकललं. घागर कलंडली, पाणी सांडलं, दुष्काळाची आठवण पुसली गेली, वीणेचा सूर निघाला, आणि पोरं आनंदाने ओरडली, “पाड, पाड! पुन्ना पाड!” पाचच मिनिटांत त्यांनी स्वतःचा नवा गेम काढला: कमीत कमी वेळात बाई तळाला कोण टाकतो. त्यात गुण होते, शत्रुत्व होतं, घड्याळ होतं, सगळं होतं. एक पोरगं तर पायरीच्या फटीतून बाईला भिंतीपलीकडे घेऊन गेलं आणि तिला करड्या आभाळात लटकवून म्हणालं, “काका, वालूर कुठंय? इथं काहीच नाही.” वालूर काढायचं राहिलं होतं. बारवेभोवती गाव असतं हे वातावरणाच्या भरात सुचलंच नव्हतं.

त्या रात्री त्याने बारवेला कठडा घातला. इतका चुकीचा कठडा यादवांच्या राज्यात कुणी बांधला नसता.

आणि मग आजी. तिच्यापाशी तो शेवटी गेला, कारण म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय गेममधलं, असं त्यालाही वाटत होतं. ती बाहत्तरच्या साली नवी सून होती. सुकडी खाल्लेली, मिलोची लाल भाकरी पचवलेली, खडी फोडलेली. नातवाने लॅपटॉप पुढे ठेवला. आजीने पदराने पडदा पुसला आणि बघायला लागली.

“कोण ही?”

“बाई हाय. पाण्याला चालली.”

“चुंबळ कुठंय?”

“आं?”

“चुंबळ. डोक्यावं घागर थेट टेकिवलीस का? टाळू फुटंल तिची.”

त्याने लिहून घेतलं. पुढचे कित्येक दिवस जुनेर पिळून तिचा पडद्यावर शोभेल असा वेढा करण्यात गेले. चुंबळीच्या कापडाचे धागे दिसायलाच पाहिजेत, असा हट्ट. चुंबळ झाली. पुन्हा आजीपुढे आला. या वेळी आजीने बराच वेळ बघितलं.

“अन् एकटीच?”

“एकटीच. एकटेपणा दाखवायलोय आजी. शांतता.”

“बाकीच्या कुठं गेल्या? मेल्या का काय?”

“न्हाई, पण…”

“आरं, एकटी सून बारवत उतरू देती का सासू? चौघी-पाचजणी मिळून जायच्या. नंबरावरून भांडणं, घागरीला घागर लागायची, कुणाची लेक नांदंना, कुणाच्या नवऱ्याला मुकादमानं हजेरीवरून हाणलं, समदं तिथंच. बाहत्तरला तर झिऱ्यात वाटी बुडना, रात-रात बसून वाटीवाटीनं भरायचो. मंग काय गप बसायचो का? गाणी म्हणायचो, शिव्या द्यायचो.” मग ती जरा थांबली आणि म्हणाली, “बारवंवर शांतता म्हंजी कोणतरी बुडून मेलंय.”

एका वाक्यात म्हातारीने सगळा गेम मोडीत काढला. धुकं डेन्मार्कचं, एकटेपणा स्कॉटलंडचा, आणि बारव तेवढी आमची; गावातली सगळ्यात गोंगाटाची जागा याने सगळ्यात मुकी करून ठेवली होती. असं फक्त त्याचंच होतं असंही नाही. आमचे ग्रामीण कवीसुद्धा विहीर म्हटलं की लगेच खोल, काळं, गूढ लिहायला बसतात. पाण्याला गेलेल्या बाईला कुणी विचारत नाही.

तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन ओसरीवर बसला आणि आजीला म्हणाला, चार जणींना बोलाव. आजीने गल्ली बोलावली. त्याने समजावलं की एकेकीने बोलायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही, आवाज स्वच्छ पाहिजे. हे ऐकून बायका इतक्या हसल्या की ते हसणंच पहिलं रेकॉर्डिंग ठरलं. पुढे कुणी त्याचं ऐकलं नाही. मुकादमाची नक्कल झाली, मिलोच्या भाकरीवरून वाद झाला, कुणी गुळगुळीत दोराला नावं ठेवली, एकीने बाहत्तरच्या सालातलं भांडण त्याच बाईशी तिथंच पुन्हा उकरून काढलं आणि या वेळी जिंकलं. आबा कूलर बंद करून दारात येऊन बसले. घरातला एक आवाज पहिल्यांदाच वगळला गेला.

मग त्याने गेम उलटा केला. घागर भरलेली असली की बारव बोलते: पुढच्या-मागच्या पायऱ्यांवरून बायकांचे आवाज येतात, भांडण पुढे सरकतं, गाणं पुढे सरकतं. पाणी सांडलं की एकेक आवाज गळत जातो. सगळं सांडलं की शांतता. हीच शिक्षा. मागे वीणा नाही की सूर नाही.

तीच पोरं पुन्हा बसवली. बंदुकीचं विचारून झालं. एकाने सवयीने बाईला कडेला नेलं. तेवढ्यात घागरीमागून एक बाई दुसरीच्या माहेरावर घसरली आणि आता काहीतरी जबरदस्त येणार, असं वाटताच पाणी हिंदकळून आवाज तुटला. “थांब की!” दुसरं ओरडलं. “हळू चाल, शिवी पुढल्या पायरीला हाय!” आणि बाकीच्या वेळात त्या पोरांनी, बॅटल रॉयलवर पोसलेल्या त्या पोरांनी, श्वास धरून, एकेक पाऊल मोजत, एक थेंब न सांडता ती बाई वरपर्यंत आणली. वर आल्यावर एकाने विचारलं, “काका, पुढची बाई कवा?” गेमवाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड मी इतकं हसरं कधी पाहिलं नव्हतं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मग तो वातावरणकार कसला? आता त्याला 1948 च्या बायका हव्यात, आणि त्या तर फार थोड्या राहिल्यात, त्यातल्याही निम्म्यांना ऐकू येत नाही. त्याच्याखाली यादवकाळ आहेच. त्या काळच्या बायका पाणवठ्यावर कशा भांडायच्या, हे बघायला त्याने माझ्याकडून लीळाचरित्र नेलंय, कारण रोजच्या बोलण्याचं मराठी त्यात सापडतं असं मीच एकदा वर्गात बोललो होतो. पुस्तक परत आलेलं नाही. परवा भेटला तर “आवो जावो” असं काहीतरी पुटपुटत होता.

बाहत्तरचा फेरा मात्र पुरा झालेला आहे. कठडा काढलाय, वेलांट्या जागेवर आहेत, धुकं आजीने काढायला लावलं. स्टीमच्या दुकानात गेम मांडायला शंभर डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतले तीस टक्के दुकान घेतं, हे ऐकून आबा म्हणाले होते, “आडत्या बरा.” तरी शंभर डॉलर मी भरतो म्हणून सांगितलंय. जर्मनीत कोलोनला दर वर्षी गेम्सकॉम नावाची खेळांची मोठी जत्रा भरते, तिथं तो मांडायचं त्याच्या डोक्यात आहे. जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, तेव्हा त्यात नवल नाही. पण जत्रेला जायचं तर हातात काहीतरी पुरं असावं लागतं. वापी शहराजवळच्या चला गावात बसून ध्रुव जानींचा स्टुडिओ ओलिओमिंगस लहान लहान गोष्टींचे गेम करतो, आणि जग ते आवडीने खेळतं; चार युगं एकाच बारवेत कोंबायची अट त्यांना कुणी घातलेली नाही.

तेव्हा वालूरला आलात तर बारव जरूर बघा, बाटली परत न्या. आणि उन्हात मोबाईल धरून उभा असलेला माणूस दिसला तर त्याला “गेम कवा यायलाय?” असं विचारू नका, तो थांबाच म्हणेल. त्याला एवढंच सांगा की एक फेरा पुरा आहे, यादव पुढच्या गेमला ठेव. माझं तो ऐकत नाही. परक्या माणसाचं कदाचित ऐकेल.